जुन्या गाडीची पेट्रोल टाकी: साफ करायची, झाळून घ्यायची की नवी बसवायची?

चढाला गाडी झटके मारते, बंद पडते. दहा मिनिटं बाजूला उभी केली की मुकाट्याने चालू होते आणि चार किलोमीटरवर पुन्हा तेच. मिस्त्री कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडतो, त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, फुंकतो, फिल्टर बदलतो, पंधरा दिवस बरे जातात. असं दोनदा झालं की कार्बोरेटरचा नाद सोडा आणि मागे डिकीखाली बघा. कचरा कार्बोरेटरमध्ये तयार होत नाही, तो टाकीतून येतो.

हे मार्गदर्शन पद्मिनी, ॲम्बेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती ८००, जुनी जीप अशा पत्र्याच्या टाकीच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. टाकी प्लास्टिकची असेल तर ॲसिड आणि झाळकाम विसरा. ती धुवायची, आणि चिरली असेल तर सरळ बदलायची.

टाकी खराब का होते

पहिलं कारण आपला पावसाळा. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या अर्ध्या भागात हवा असते. रात्री गार झालं की झाकणाच्या भोकातून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, पत्र्यावर दव धरतं आणि थेंब थेंब पाणी तळाला जाऊन बसतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तिथून हलत नाही. जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीची टाकी याच प्रकाराने तळाच्या शिवणीतून गंजते.

दुसरं कारण इथेनॉल. आपल्याच कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारं इथेनॉल २०२३ पासून २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये यायला लागलं. इथेनॉल पाणी शोषतं. थोडं पाणी ते पेट्रोलमध्येच विरघळवून ठेवतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाला वेगळा थर धरतात, आणि टाकीतून पेट्रोल उचलणारी नळी नेमकी तळाजवळच असते. शिवाय इथेनॉल जुन्या पेट्रोलचा साचलेला चिकट लेप सोडवतं. म्हणून वीस वर्षं कुरकुर न करणारी टाकी अचानक घाण सोडायला लागते. गाडी बिघडली असं वाटतं. खरं तर टाकी आत्ता कुठे धुऊन निघत असते, फक्त चुकीच्या दिशेने.

तिसरं कारण पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं इंजिन, सीट, वायरिंग सगळं दुरुस्त झालं, टाकी मात्र बऱ्याच ठिकाणी नुसती रिकामी करून पुन्हा भरली गेली. हवेच्या नळीतून आत गेलेला गाळ अजून तिथेच असतो. जुनी गाडी विकत घेताना ती पुरात होती असं कळलं तर टाकी उतरवायचीच हे धरून भाव करा.

आधी खात्री करा

टाकी उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, तेव्हा दोष तिथेच आहे हे आधी ठरवा.

झाकणाची परीक्षा सगळ्यात सोपी. गाडी झटके मारायला लागली की थांबा आणि टाकीचं झाकण उघडा. जोरात ‘फस्स’ करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर टाकीचा श्वास कोंडला आहे. झाकणाचं भोक किंवा हवेची नळी बुजलेली असते, पंप पेट्रोल ओढतो आणि टाकीत निर्वात पोकळी होते. बऱ्याचदा कुणीतरी दुसऱ्या गाडीचं बिनभोकाचं झाकण बसवलेलं असतं. योग्य झाकण लावलं की काम संपलं, पुढचं वाचायचीही गरज नाही.

तसं नसेल तर इंजिनजवळच्या पंपाची, गॅरेजच्या भाषेत एसी पंपाची, टाकीकडून येणारी नळी काढून बंद करा. पंपाला स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या धातूच्या डब्यातून नवी नळी जोडा. डबा गरम सायलेन्सरपासून लांब आणि पक्का बांधलेला हवा. गाडी जागेवरच उभी ठेवून दहा मिनिटं वेगवेगळ्या आरपीएमवर चालवा. इंजिन गुळगुळीत चाललं तर दोष मागच्या बाजूला. डबा घेऊन रस्त्यावर जाऊ नका.

शेवटी पेट्रोल बघा. टाकीच्या तळातलं अर्धा लिटर काचेच्या बरणीत घेऊन दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी, तांबडी वाळू दिसली तर गंज. पेट्रोल गडद चहाच्या रंगाचं असेल आणि जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येत असेल तर ते शिळं आहे.

जिवाशी खेळ कुठे होतो

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, रिकाम्या केलेल्या टाकीत ती हळूहळू बरोबर या पट्ट्यात येते. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते आणि भिंतीपलीकडच्या गॅस गीझरपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत जाऊ शकते.

काम उघड्यावर करा. खड्ड्यावर गाडी घेऊन हे काम करू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. आसपास इन्व्हर्टर, फ्रिज, ग्राइंडर, बिडी काही नको. अंगात सुती कपडे हवेत, पॉलिस्टरवर स्थिर वीज तयार होते. हाताला नायट्राइल हातमोजे. जवळ ४ किलोचं ड्राय केमिकल पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं की आग पसरते.

पेट्रोल तोंडाने ओढू नका. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. फुप्फुसात गेलेलं थोडंसं पेट्रोलही माणसाला दवाखान्यात पोहोचवतं. हाताने दाबायचा सायफन पंप अगदी किरकोळ पैशात मिळतो.

साठवणीचा नियमही लक्षात घ्या. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि धातूचा डबा जास्तीत जास्त २५ लिटरचा चालतो. पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरून माडीवर ठेवणं कायद्यालाही धरून नाही आणि अकलेलाही.

टाकी रिकामी करून उतरवणं

आदल्या रात्री टाकीच्या पट्ट्यांच्या, बोल्टच्या आणि नळ्यांच्या आट्यांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल सोडा. ही एक गोष्ट केली तर सकाळी निम्मे बोल्ट तुटायचे वाचतात.

तळाला निचऱ्याचा बोल्ट असेल तर त्यातून, नाहीतर सायफनने पेट्रोल धातूच्या डब्यात काढा. डबा आणि टाकी एका तारेने जोडून ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची. भरलेली असेल तर नुसत्या पेट्रोलचंच वजन २० किलोच्या पुढे जातं, म्हणून पूर्ण रिकामी करूनच उतरवा. शिळं पेट्रोल गटारात सोडू नका, ते शेवटी पंचगंगेतच जातं. मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे धोकादायक कचरा उचलणारी व्यवस्था असते, तिथे विचारा.

मग या क्रमाने:

१. गाडीची मागची बाजू घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, पुढच्या चाकांना ओट, म्हणजे अडवणारे ठोकळे, लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही.
२. काहीही सुटं करण्याआधी फोटो काढा, तारा आणि नळ्यांना कागदाच्या चिकटपट्टीवर नावं लिहा. कार्बोरेटरवाल्या मारुतीत पुरवठ्याची, परतीची आणि वाफेची अशा तीन नळ्या असतात. पुरवठ्याची आणि परतीची उलटी लागली की गाडी चालूच होत नाही आणि मग दिवसभर भलतीकडे शोध चालतो.
३. टँक युनिटची, म्हणजे पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या फ्लोटची तार आणि अर्थची तार काढा.
४. भरण्याच्या तोंडाचा जाड रबरी पाइप आणि हवेची नळी काढा. हे रबर कडक झालेलं असतं. ओढून तोंडाचा पत्रा वाकवण्यापेक्षा पाइप उभा चिरून काढा, तो नवाच लागणार आहे.
५. धातूच्या नळीचा नट दोन पान्यांनी सोडवा, एकाने पकडायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. एकाच पान्याने केलं तर नळी पिळवटते.
६. टाकीखाली लाकडी फळी घालून जॅकने आधार द्या, पट्ट्या सोडवा, हळू खाली घ्या. जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तिथे सीट काढली की काम वरूनच होतं.
७. सगळी तोंडं चिंध्यांनी बंद करा, आणि टाकी उन्हात ठेवू नका. गरम झाली की वाफ वाढते.

कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत एक पायरी जास्त आहे, आणि ती बॅटरी सोडवण्याच्याही आधी. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच नळी सोडवा, कारण तिथे नळीत सुमारे ३ बारचा दाब असतो.

उघडून बघा, मग ठरवा

टँक युनिटच्या चकतीचे स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे सोडवा. स्क्रू अडले तर हातोडीने छिन्नी मारू नका, ठिणगी उडते. तेल सोडा आणि थांबा. चकती वर आली की खालचं पॅकिंग तुकड्यांनी निघेल, ते टाकून द्या. युनिट वाकडं करून फ्लोट अलगद बाहेर काढा. कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल हललं तर फ्लोट फुटलेला आहे, काटा कायम कमीच दाखवणार. पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. तिच्यावर बोट फिरवून बघा. बोटाला तपकिरी, चिकट, जाळीची वीणच न दिसणारा लेप लागला तर चढाला गाडी का मरत होती याचं उत्तर तुमच्या हातात आहे. कमी वेगाला एवढ्या जाळीतून पुरेसं पेट्रोल येतं, पूर्ण लोडला येत नाही. गाडी थांबली की जाळीवरचा कचरा खाली पडतो, म्हणून ती पुन्हा चालू होते.

आत डोकावायचं असेल तर आधी टाकी पाण्याने धुऊन घ्या, मग टॉर्च बाहेर धरून बघा. आणि बाहेरून बोथट स्क्रूड्रायव्हरने तळ, शिवण, पट्ट्यांखालचा भाग टोचून बघा. पट्ट्यांखालचा फेल्ट (दाबलेल्या लोकरीची पट्टी) पावसाचं पाणी महिनोन् महिने धरून ठेवतो, पत्रा तिथेच पहिल्यांदा जातो.

आत राखाडी मुलामा शाबूत असेल आणि नुसता चिकट लेप असेल तर फक्त धुवा, ॲसिड अजिबात घालू नका, नाहीतर मुलामा जाऊन चांगली टाकी महिन्यात गंजेल. आत तांबडा गंज असेल पण पत्रा टणक असेल तर गंज काढा. एखादं सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर झाळून घ्या. स्क्रूड्रायव्हर दोन-तीन ठिकाणी आरपार गेला किंवा तळ दाबल्यावर कुरकुर वाजतो, तर पैसे दुरुस्तीत घालू नका. एक भोक बुजवलं की शेजारचं उघडतं.

धुणं आणि गंज काढणं

पहिली फेरी गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडची. टाकी एक तृतीयांश भरा, तोंडं बंद करा, सगळ्या बाजूंनी हलवा, ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत करा, चार-पाच वेळा तरी. चिकट लेप निघाला नाही तर धुण्याचा सोडा प्रत्येक लिटर गरम पाण्याला १०० ग्रॅम घालून रात्रभर भिजवा. कॉस्टिक वापरू नका, ते कातडी जाळतं आणि आतल्या मुलाम्यावरही जातं.

खवल्यांचा गंज असेल तर आत दीड-दोन मीटरची बारीक लोखंडी साखळी आणि दोन लिटर साबणाचं पाणी घालून टाकी हलवत बसा. साखळीचं एक टोक तारेने बाहेर बांधून ठेवा. पुष्कळ जण नट-बोल्ट किंवा खडी घालतात. टाकीच्या आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या मागे चार नट हमखास अडकतात आणि पुढे आयुष्यभर वळणावर खडखडतात. साखळी सगळी एकदम बाहेर येते.

मग सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूफूल. प्रत्येक लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे मारुतीच्या २८ लिटरला साधारण १.४ किलो. आधी बादलीत गरम पाण्यात विरघळवून मगच टाकीत ओता, नाहीतर तळाला ढेकूळ बसतं. टाकी काठोकाठ भरा, कारण गंज वरच्या पत्र्यालाही असतो. टँक युनिटच्या जागी जाड पत्र्याची चकती आणि जुन्या ट्यूबचं पॅकिंग लावा, युनिट ॲसिडमध्ये ठेवू नका. भरण्याचं तोंड मात्र उघडं राहू द्या, कारण हायड्रोजनचे बुडबुडे येतात. २४ तासांनी बघा. पत्रा राखाडी दिसला की थांबा. तांबडं शिल्लक असेल तर नवं द्रावण करून पुन्हा एक दिवस, त्यापेक्षा जास्त नको.

बाथरूम धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड काही जण सुचवतात, कारण ते तासाभरात गंज खातं. ते गंजाबरोबर पत्राही खातं, आणि शिवणीत राहिलेला अंश पुढे महिनाभर आतून पोखरत राहतो. विजेवर गंज काढायची पद्धत उघड्या सुट्या भागांना उत्तम, बंद टाकीत हायड्रोजन साचतो. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

साखर कारखान्यातल्या मळीची पद्धतही आहे आणि ती खरंच चालते. एक भाग मळीला नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे. गंज सुटतो, चांगल्या पत्र्याला जवळजवळ धक्का लागत नाही, ॲल्युमिनियमला मात्र लागतो. कारखान्याची मळी राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली असते, ती अशी सुटी मिळत नाही. गुऱ्हाळातली काकवी मिळते, पण ती भाकरीबरोबर खायची सोडून टाकीत ओतायला कोल्हापुरी माणसाचा हात धजणार नाही. शिवाय आंबल्यावर जो वास सुटतो त्यावरून शेजारी भांडायला येतात. लिंबूफूल घ्या.

वाळवणं

सगळी मेहनत इथे पाण्यात जाते. ॲसिडने उघडा पडलेला पत्रा दहा मिनिटांत पुन्हा नारिंगी होतो. म्हणून ॲसिड ओतण्याआधी पुढचं सगळं साहित्य हाताशी मांडून ठेवा.

ॲसिड ओतलं की लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी, लिटरला २५ ग्रॅम, दहा मिनिटं घोळवा. मग साध्या पाण्याने दोन धुण्या. टाकी उलटी करून पाणी नितळवा. मग अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आत घालून सगळ्या कोपऱ्यांत फिरवा आणि ओता. शिवणीत अडकलेलं पाणी ते बरोबर घेऊन येतं. त्यानंतर कॉम्प्रेसरची हवा हळू, दोन्ही तोंडं उघडी ठेवून. अल्कोहोलचा वास पूर्ण जाईपर्यंत हेअर ड्रायर किंवा गरम हवेचा ब्लोअर जवळ आणू नका. वास गेल्यावर मात्र तासभर कोमट हवा मारा.

हे काम एप्रिल-मेमध्ये करा. जुलैच्या झडीत कोल्हापुरात पापड वाळत नाही, तिथे टाकीच्या शिवणी काय वाळणार.

लाइनर (आतून लावायचा लेप, त्याचं पुढे सांगितलं आहे) लावणार नसाल तर लिटरभर पेट्रोलमध्ये ५० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल मिसळून आत घोळवा, पत्र्यावर तेलाचा पातळ थर बसेल.

लाइनर लावावा का

आतून ओतायचं रसायन मिळतं, ते सुकून टाकीला आतून कातडं धरतं. आमचं मत स्पष्ट आहे: पत्रा टणक असेल आणि गंजाने खडबडीत झाला असेल तरच लाइनर. भोकं बुजवायला लाइनर नाही. अर्धवट साफ केलेल्या पत्र्यावर ओतला तर सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात, आणि ते पापुद्रे गंजापेक्षा वाईट, कारण ते थेट उचलणाऱ्या नळीच्या तोंडावर जाऊन बसतात.

इपॉक्सी प्रकारचाच घ्या आणि डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं बघा. जुन्या प्रकारची काही रसायनं इथेनॉलमध्ये मऊ होऊन निघतात. ओतण्याआधी पेट्रोलच्या आणि हवेच्या नळ्यांत तेल लावलेली तार घाला, नाहीतर त्या कायमच्या बंद होतील. टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जास्तीचं रसायन पूर्ण ओतून काढा. तळाला साचलेलं डबकं आतून कधीच नीट सुकत नाही. सुकायला बहुधा चार दिवस लागतात, डब्यावर लिहिलेली मुदत पाळा.

भोक बुजवणं

वाटेत गळती लागली तर अंगाच्या साबणाची वडी भोकावर घट्ट घासा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, घरापर्यंत येता येतं. एम-सीलही तात्पुरतं धरतं. दोन्ही फक्त घरी येण्यापुरतं.

पक्कं काम झाळण्याचं, म्हणजे सोल्डरचं. भोकाभोवती एक इंच पत्रा चकचकीत घासा, फ्लक्स (कथील धरावं म्हणून लावायचं रसायन) लावा, भोक मोठं असेल तर पितळी पत्र्याचं ठिगळ घ्या, दोन्हीला आधी वेगवेगळं कथील चढवा, मग एकमेकांवर बसवा. जड तांब्याचा कावीया (झाळायचं हत्यार) लांबवर तापवून आणायचा, टाकीवर ज्योत धरायची नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रेडिएटर दुरुस्त करणारे हे काम रोज करतात. नवख्याने टाकी धुऊन त्यांच्याकडे न्यावी हेच बरं.

वेल्डिंगबद्दल एकच गोष्ट, पण ती पाळाच. दहा वर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा वेल्डिंगला सुरक्षित नाही. शिवणीत मुरलेला लेप उष्णतेने पुन्हा वाफ होतो. ‘सायलेन्सरचा धूर आत सोडला की झालं’ असं सांगणारे भेटतील. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. टाकी उकळत्या पाण्याने वारंवार धुतलेली, आणि वेल्डिंगच्या जागेपुरती मोकळी ठेवून बाकी पाण्याने भरलेली, किंवा आतून सतत आर्गॉन वायू सोडलेली असली पाहिजे. कारागीर यातलं काही न करता वेल्डिंगची टॉर्च पेटवत असेल तर टाकी उचला आणि निघा.

दाबाची तपासणी

टायरला हवा भरायच्या नळीने टाकी तपासू नका. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या तळावर ३० पीएसआय म्हणजे पाच टनांचा जोर येतो, टाकी फुगून फाटते. एक-दीड पीएसआय भरपूर आहे, तेवढ्यानेही तळावर दोनशे किलोच्या आसपास भार पडतो. सोपा उपाय असा: सगळी तोंडं बंद करा, एका तोंडाला मीटरभर उभी पारदर्शक नळी लावा, टाकी आणि नळी पाण्याने भरा. मीटरभर पाण्याचा दाब सुमारे दीड पीएसआय होतो. बाहेरून पुसून कोरडी करा, शिवणींवर खडूची पूड लावा आणि तासभर थांबा. जिथे खडू ओला होईल तिथे गळती. तपासणी झाली की पुन्हा वाळवणं आलं, म्हणून सोल्डर आधी, तपासणी मग, आणि ॲसिड-लाइनर शेवटी.

नवी टाकी

मारुती ८०० साठी नवी टाकी बाजारात मिळते. पद्मिनी, ॲम्बेसेडरला शोधाशोध करावी लागते, आणि भंगारातून आणलेली टाकी बहुतेक वेळा तुमच्या टाकीइतकीच गंजलेली असते. अशा वेळी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून बनवून घेणं परवडतं. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा किंवा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा नको. इथेनॉल आणि पाण्याने जस्त सुटतं आणि पांढरी पूड होऊन जेटमध्ये बसते.

कारागिराला जुनी टाकी नमुना म्हणून द्या आणि चार गोष्टी तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. आतल्या आडव्या पट्ट्या हव्यातच, खाली पाणी-पेट्रोल जायला कोपरे कापलेले. उचलणारी नळी तळापासून १० ते १२ मिलिमीटर वर. टँक युनिटच्या भोकांची जागा आणि टाकीची खोली अगदी मूळ मापाची, नाहीतर काटा खोटं बोलेल. हवेच्या नळीला आतून किमान ६ मिलिमीटर वाट. आकार आणि जागा मूळचीच ठेवा. टाकी दुसरीकडे हलवणं हा वाहनाच्या रचनेतला बदल होतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतो.

पुन्हा बसवताना

जुनं रबर एकही परत लावू नका. नळीवर जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या, ती इथेनॉलला टिकते. साधी काळी नळी आतून मऊ होऊन सोलते आणि बाहेरून नवी दिसते. धातूची नळी दोन्हीकडून सुटी करून, पंपाच्या टोकाकडून मागे हवा मारून साफ करा. टँक युनिटला नवं पॅकिंग, शक्यतो व्हायटन रबराचं. सिलिकॉनचा गम लावू नका, तो पेट्रोलमध्ये फुगून निघतो.

पट्ट्यांखाली फेल्टऐवजी रबराची पट्टी घाला. बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्या, पण अर्थची जागा उघडी ठेवा. नवा रंग झाल्यावर काटा मेला अशी तक्रार येते त्यात निम्म्या वेळा अर्थ रंगाखाली गेलेला असतो.

पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिले ५ लिटरच पेट्रोल भरा. खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर टाकी पाऊण भरा, तोंडापर्यंत एकदा नेऊन वरची शिवण आणि भरण्याचा पाइप बघा. मग वाघबीळहून पन्हाळ्याच्या रस्त्याला गाडी घाला. चढावर पूर्ण लोड, वळणांवर पेट्रोल हिंदकळणं, उतारावर टाकी एका बाजूला कलणं, सगळ्या परीक्षा एका फेरीत होतात. वर पोहोचल्यावर गाडीखाली वाकून वास घ्या.

फिल्टर ५० किलोमीटरला बघा, २०० ला बदला, पुन्हा १००० ला बदला. पहिल्या फिल्टरात थोडी तांबडी पूड दिसली तर घाबरू नका. तिसऱ्यातही दिसली तर वाळवताना घाई झाली आहे.

पावसाळ्यात गाडी चालवणार असाल तर टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. चार महिने उभीच राहणार असेल तर पूर्ण रिकामी करा, टू-टी ऑइलचा हात आतून फिरवा, झाकण लावा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा की टाकीत पेट्रोल नाही. दसऱ्याला पूजा करून कुणीतरी सेल मारत बसेल.